चार वेळा विचारलं होतं तिनं

माझी पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली ती नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला, सेमिनार हॉलच्या पडद्यावर, अख्ख्या बॅचसोबत बसून. दम्याच्या पेशंटचा सिनॅरिओ, म्हणजे सरावाची लुटुपुटूची केस होती. मॅनिकिनला, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याला, उठवून बसवायचं, ऑक्सिजन लावायचा, नेब्युलायझर सुरू करायचा, डॉक्टरांना कळवायचं. आम्ही चौघी होतो आणि चौघींच्या हातून तो रबरी बाप्या जवळजवळ गेलाच. ते एकवेळ ठीक. पण नंतर सरांनी एकोणीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पहिल्या सेकंदापासून लावलं आणि शेवटपर्यंत थांबवलं नाही. लेझर पॉइंटरचा लाल ठिपका आमच्या अंगावरून फिरत होता. "हे बघा. हे काय? मास्क उलटा." हॉल हसला. "आणि ही लीडर कुठं बघते आहे? भिंतीकडे!" हॉल परत हसला. ती लीडर मी.

कुणीतरी पडद्यावरचं मोबाइलवर शूट केलं. रात्री हॉस्टेलच्या ग्रुपवर माझ्या उलट्या मास्कचं स्टिकर फिरत होतं. त्या दिवसापासून आमच्या बॅचला लॅबमध्ये एकच गोष्ट पक्की पाठ झाली, ती म्हणजे कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आहे. पुढचे सगळे सिनॅरिओ आम्ही त्याच्याकडे पाठ करूनच केले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. बेळगावात नर्सिंगची कॉलेजं कमी नाहीत, शोधत बसू नका.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्याही पुढची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग खानापुरात पीयूसी सायन्स, म्हणजे अकरावी-बारावी, आणि तिथून थेट इंग्रजीतलं नर्सिंग. २०२१ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलनं बीएस्सीला सेमिस्टरचा नवा अभ्यासक्रम लावला, आमची बॅच त्यातली. आमच्या आधीच्या अक्का थेट वॉर्डात शिकल्या. आम्हाला आधी सिम लॅब, म्हणजे सिम्युलेशनची लॅब, मग वॉर्ड. घरी आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. "म्हणजे बाहुलीवर शिकवतात काय गं?" होय की, बाहुलीवरच. पण ही बाहुली श्वास घेते, तिची नाडी लागते आणि ती बोलते. बोलतात अर्थात काचेपलीकडच्या खोलीत माइक घेऊन बसलेल्या मॅडम.

सातव्या सेमिस्टरला आम्हाला नवीन मॅडम आल्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा विषय होता, ज्याला सगळे पीपीएच म्हणतात. माझ्याबरोबर गोकाकची एक, निपाणीची एक आणि केरळातल्या कोट्टायमची एक. नावं नको, गावांवरूनच ओळखा.

सुरू करायच्या आधी मॅडमनी पंधरा मिनिटं नुसतं लॅबमध्ये फिरवलं. पोटावर हात ठेवा, गर्भाशय कुठं लागतं बघा. औषधांचा ट्रे इथं, लघवीचा कॅथेटर तिथं. "हिचा रंग फिकट पडत नाही, अंग गार पडत नाही. ते विचारा, मी सांगेन." मग एक फॉर्म दिला. रेकॉर्डिंग लॅबच्या कॉम्प्युटरवरच राहील, बघायला आपण पाच जणी, मोबाइल बाहेरच्या टोपलीत, सेमिस्टर संपल्यावर तुमच्यासमोर डिलीट. भिंतीवर बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनचं एक वाक्य लावलं होतं. इथं आलेला प्रत्येक जण हुशार आहे, सक्षम आहे, मनापासून चांगलं काम करू बघतो आणि त्याला सुधारायचं आहे, असा त्याचा अर्थ. मला त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी आपला कॅमेरा शोधत होते. आता तीन होते.

लॅबचे मामा रक्त तयार करत होते. खायचा लाल रंग आणि कॉर्नफ्लोअर, एनॅमलच्या जगमध्ये काठीनं ढवळत. दुसऱ्या दिवशीही त्यांच्या बोटांची टोकं लाल होती, जशी हळदीकुंकवाहून आलेल्या बाईची असतात.

केस अशी होती. गंगव्वा, वय चोवीस, सौंदत्तीकडची, नॉर्मल बाळंतपण होऊन चाळीस मिनिटं झालीत, वार पूर्ण पडली आहे, बाळ वॉर्मरमध्ये. लीडर परत मीच. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, नशीब दुसरं काय.

बारा मिनिटं चाललं. बाहेर आले तेव्हा एप्रन पाठीला चिकटला होता, पण मन खूश होतं. रक्तस्राव ओळखला, लगेच गर्भाशयाला मसाज सुरू केला, गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिन दिलं, दोन्ही हातांना मोठ्या सुया घातल्या, मूत्राशय रिकामं केलं, डॉक्टरांना बोलावलं. गंगव्वा वाचली. हे सगळं तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं.

पाणी प्यायला दहा मिनिटं दिली. मग शेजारच्या खोलीत पाच खुर्च्या गोल मांडलेल्या आणि एक टीव्ही, बंद. मॅडम आमच्यातच बसल्या, टीव्हीशेजारी नाही. आधी फक्त "कसं वाटतंय?" विचारलं. कोट्टायमची म्हणाली, हात अजून कापताहेत. निपाणीची म्हणाली, भूक लागली. हसलो. मग मॅडमनी चार चिठ्ठ्या वाटल्या. "रक्त दिसल्यापासून मसाज सुरू होईपर्यंत किती वेळ गेला? प्रत्येकीनं लिहा, शेजारणीचं बघू नका."

मी लिहिलं, पंधरा सेकंद. गोकाकचीनं अर्धा मिनिट. निपाणीचीनं "लगेच". कोट्टायमचीनं एक मिनिट लिहून खोडलं आणि अर्धा केलं.

मग टीव्ही लावला. सुरुवातीपासून नाही. सिनॅरिओ चालू असतानाच मॅडम काचेपलीकडून खुणेचं बटण दाबत होत्या, त्यातल्या एका खुणेवर थेट गेल्या. कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. गोकाकची चादर उचलते, "ब्लीडिंग" म्हणते. आणि मी? मी बीपीचा कफ सोडते, परत बांधते, मोजते. परत सोडते. परत बांधते. मॉनिटरवर ९२/५८. तिसऱ्यांदा मोजते. मसाजसाठी पोटावर हात गेला तो दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी.

आपला आवाज रेकॉर्डिंगवर परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. तसे आपले हातही परके वाटतात हे मला तेव्हा कळलं. ती कफ बांधणारी मुलगी मी नव्हतेच. मी तर पंधरा सेकंदांत मसाज सुरू केला होता! मला खरंच तसं आठवत होतं, आजही डोळे मिटले की तसंच आठवतं.

मॅडमनी पॉज केलं. मी मान खाली घातली, आता लाल ठिपका येणार. पण त्या म्हणाल्या, "बीपी तीनदा घेतलंस हे मी पाहिलं. मला काळजी वाटली, कारण तेवढ्या वेळात रक्त जात होतं. तुझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं?"

काय चाललं होतं? मला कुणी असं विचारलंच नव्हतं कधी. म्हटलं, "मॅडम, आकडा खोटा वाटला. कफ सैल असेल असं वाटलं. इतकं कमी बीपी कसं असेल?"

"म्हणजे आकडा पटेपर्यंत तू थांबलीस."

"होय."

"आता आवाज ऐका." परत तोच तुकडा, पण आता मॉनिटरच्या बीपकडे लक्ष द्यायला सांगितलं. टिक, टिक, टिक, भराभर. नाडी ११८. तरुण बाळंतिणीचं शरीर रक्त जाऊ लागलं तरी बराच वेळ बीपी धरून ठेवतं, आधी पळते ती नाडी. बीपी घसरलेलं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण मॉनिटरवरचा आकडा आयता दिसतो आणि मऊ पडलेलं गर्भाशय चादरीखाली असतं, त्यासाठी हात घालावा लागतो. घाबरलेलं माणूस जे आयतं दिसतं त्यालाच चिकटतं. हे वाक्य गोकाकचीचं आहे, माझं नाही.

रक्ताचा अंदाज हा वेगळाच विनोद. निपाणीची नोंदी ठेवत होती, तिनं साडेतीनशे मिली लिहिलं होतं. मॅडमनी मामांना हाक मारली. मामा दारातूनच म्हणाले, "नऊशे ओतलं की मी. मोजून." नऊशे! पाचशेच्या वर गेलं की आपण त्याला पीपीएच म्हणतो, आणि आमच्या कागदावर गंगव्वाला पीपीएच झालेलाच नव्हता. रक्त जास्त गेलं की नजरेचा अंदाज असा बहुतेक वेळा कमीच पडतो, म्हणून भिजलेले पॅड वजन करायचे, एक ग्रॅमला एक मिली धरायचं आणि कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं. त्या दिवसापासून निपाणीची भाजीसुद्धा हातात तोलून बघत नाही, काट्यावरच घाल म्हणते.

दुसरा तुकडा लागला तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठून जायच्या बेतात होते. पडद्यावर मी कोट्टायमचीकडे हात करून ओरडते आहे, आणि तेही कुठल्या भाषेत? लॅबमध्ये इंग्रजी बोलायचं असा नियम. वॉर्डात कन्नड, मराठी, उर्दू, जे पेशंटला येईल ते. आणि मी ओरडते आहे, "काय बघूलालीस, दे की ते!"

निव्वळ जांबोटीची मराठी. आमच्या आजीच्या अंगणातली.

कोट्टायमची क्षणभर थांबते आणि मला किडनी ट्रे देते.

आम्ही हसून लोळायचे बाकी राहिलो. ती स्वतःही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हे हसणं आणि सेमिनार हॉलमधलं हसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. मॅडमनी हसू दिलं, मग तिला विचारलं, "तुला काय वाटलं तेव्हा?" ती म्हणाली, "मला वाटलं ती शिव्या देतेय. म्हणून हाताला लागलं ते दिलं, म्हणजे गप्प बसेल."

आणि मला? मला आठवत होतं की मी स्वच्छ इंग्रजीत "ऑक्सिटोसिन टेन युनिट्स, आयएम", म्हणजे दहा युनिट स्नायूत, असं म्हटलं होतं. मनात म्हटलं असेन. तोंडातून "ते" गेलं.

बेळगावात राहून भाषेवरचं भांडण मला नवं नाही. दुकानांच्या पाट्यांवरून इथं काय काय होतं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. पण त्या टीव्हीसमोर पहिल्यांदा मला भाषा ही औषधाच्या ट्रेमधली गोष्ट वाटली. मराठी बोलले हा माझा गुन्हा नव्हताच, मॅडमही तसं म्हणाल्या नाहीत. "ते" म्हणजे काय आणि "दे" म्हणजे कुणी, हे कुठल्याही भाषेत कळलं नसतं. मग आम्हीच ठरवलं. नाव घेऊन हाक मारायची, औषधाचं नाव, डोस, कुठून द्यायचं ते बोलायचं, आणि ऐकणारीनं तेच परत म्हणून दाखवायचं. दिल्यावर "दिलं" म्हणायचं. याला क्लोज्ड लूप म्हणतात, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ होतं, हेही इथंच सांगून टाकते.

तिसऱ्या तुकड्याला मॅडमनी टीव्हीवर टॉवेल टाकला. चित्र नाही, नुसता आवाज.

आधी नुसता गोंधळ. ट्रेचा खणखणाट, बीप, माझं "बीपी, बीपी". मग मधूनच एक बाईचा आवाज, दमलेला. "नन्न कूसु एल्लैति?" माझं बाळ कुठं आहे?

कुणी काही बोलत नाही. निपाणीची आकडे मोठ्यानं वाचते आहे.

"यव्वा, नन्न कूसु एल्लैति?"

सलाईनच्या बाटलीचा आवाज. मी म्हणते, "कॅथेटर कुठाय?"

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा, जरा हळू.

मला हा आवाज त्या बारा मिनिटांत एकदाही ऐकू आला नव्हता. लक्ष दिलं नाही असं नाही, ऐकूच आला नव्हता. माझ्या डोक्यावर दीड हातावर माइक लटकत होता, त्याला आला. कन्नड मला येत नाही असंही नाही, तीन वर्षं वॉर्डात तेच बोलते.

टॉवेल तसाच होता. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. गोकाकची, जिची ती मातृभाषा, म्हणाली, "मी ऐकलं होतं मॅम. पण मला वाटलं माझं काम बीपी, नाडी." आणि तिचा गळा भरून आला.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मी चार वेळा विचारलं. पाचव्यांदा का विचारलं नाही?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं आता माया-ममतेवर काहीतरी ऐकायला मिळणार.

"तुमच्या नोंदीत बघा. नवव्या मिनिटाला काय लिहिलंय?" निपाणीचीनं कागद उलटला. बीपी होतं, नाडी होती, ऑक्सिजन होता. "गंगव्वा गप्प झाली, हे कुठं लिहिलंय?"

मग डोक्यात उजेड पडला. मॅडमनी मुद्दाम बोलणं थांबवलं होतं. रक्त जाऊन बाई गुंगीत चालली होती. बोलणारा पेशंट गप्प होतो ही खूण आहे, आणि ती टिपायला कुठलंही यंत्र लागत नाही, तिच्याशी बोलत राहावं लागतं. "कूसु छलो ऐति, यव्वा", बाळ छान आहे गं, एवढं एकीनं म्हटलं असतं आणि उत्तराची वाट बघितली असती, तर आम्हाला मॉनिटरच्या आधी कळलं असतं. आम्ही तिची माया केली नाही हे तर झालंच, पण तपासणीही केली नव्हती.

पाऊण तास बसलो होतो. नंतर हिशेब केला, त्यात व्हिडिओ एकूण साडेतीन मिनिटं बघितला होता.

हॉस्टेलला परतताना मी मॅडमना गाठून विचारलं, की मग सगळ्यांनी असे कॅमेरे का लावू नयेत? त्यांनी जे सांगितलं त्यानं मी जरा खट्टू झाले. २००६ साली कॅनडात भूलशास्त्र शिकणाऱ्या ४२ डॉक्टरांवर एक अभ्यास झाला होता. काहींना सिनॅरिओनंतर चर्चाच मिळाली नाही, काहींना नुसती तोंडी चर्चा, काहींना व्हिडिओसह. चर्चा न मिळालेले सुधारले नाहीत, बाकीचे दोन्ही गट सुधारले, आणि व्हिडिओवाले नुसत्या चर्चेवाल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. पटायला जड गेलं, पण मग सरांचा लाल ठिपका आठवला. तिथंही व्हिडिओ होता की, एकोणीस मिनिटांचा. माझं मत विचाराल तर दोन मिनिटं पन्नास सेकंद मला कुणी तोंडी सांगितली असती तर मी भांडले असते. पण ती बघून "तुझ्या मनात काय होतं" हे कुणी विचारलं नसतं, तर मी नुसती रडले असते.

आठवड्यानं तोच सिनॅरिओ परत केला. मसाज बावीस सेकंदांत. क्लोज्ड लूप मात्र अंगात आल्यासारखा झाला, जी ती दुसरीचं वाक्य परत म्हणतेय, शेवटी मॅडम काचेमागून गंगव्वाच्या आवाजात म्हणाल्या, "यव्वा, हळू बोला गं जरा." त्या रेकॉर्डिंगमधले दोनच तुकडे बघितले. सेमिस्टर संपल्यावर मॅडमनी खरंच आम्हाला बोलावून फोल्डर डिलीट केला. डिलीट करायच्या आधी मी तो टॉवेलवाला तुकडा परत मागितला. त्यांनी इअरफोन दिला.

आता आठवं सेमिस्टर, इंटर्नशिप. परवा प्रसूती वॉर्डात नाइट होती. पावणेतीनला एका बाळंतिणीचा पॅड लवकर भरला. केसपेपरवर गाव बैलहोंगल तालुक्यातलं. स्टाफ सिस्टरनी हाक मारली तसा माझा हात आधी पोटावर गेला. गर्भाशय मऊ होतं, चोळायला लागले. सिस्टरनी ऑक्सिटोसिन मागितलं, ज्युनिअरनं नाव आणि डोस परत म्हणून दाखवला. बाई काहीतरी पुटपुटत होती. मी हात न काढता तिच्या तोंडाजवळ वाकले आणि जमेल तितक्या छान कन्नडमध्ये म्हटलं, "कूसु छलो ऐति, यव्वा. इल्ले ऐति." बाळ छान आहे, इथंच आहे.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"मराठी येतंय की मला," ती म्हणाली. "माहेर गडहिंग्लजचं माझं. जरा हळू दाब गं बाई."